प्लॅन वाढवला, स्पीड तिथंच? स्वतःचा राउटर लावताना भिंतीपासून मोबाईलपर्यंत काय काय तपासायचं

घरचा फायबरचा प्लॅन १०० वरून ३०० एमबीपीएसवर नेला. पैसे कापले गेले, प्लॅन बदलल्याचा मेसेज आला, आणि हॉलमध्ये बसून स्पीड टेस्ट लावली तर आकडा आला ९३. राउटर बंद करून चालू केला, पुन्हा ९३. दुसऱ्या दिवशी ९४. कस्टमर केअरने सांगितलं की आमच्याकडून ३०० चालू आहे. आणि ते खरंच बोलत होते.

तुमच्याकडेही प्लॅन वाढवल्यावर आकडा ९३, ९४, ९५ यांच्याच आसपास घुटमळत असेल, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचं लॅन पोर्ट किंवा तेवढ्यावरच अडकलेली केबल आहे असं खुशाल समजा. अशा पोर्टमधून डेटाबरोबर जाणारी पाकिटांची वेष्टणं वजा केली की हातात ९४-९५ च पडतात. गिगाबिट पोर्टचंही तसंच असतं. त्याच्यावर हजार लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात ९४० च्या आसपास मिळतं.

नवा राउटर घ्यायचा हे मी तेव्हाच ठरवलं होतं. पण ऑर्डर देण्याआधी एक संध्याकाळ मोजमापात घालवली, आणि दोष राउटरआधी दुसरीकडेच सापडला. तुम्हीही याच क्रमाने जा.

आधी मोजा, नंतर खरेदी

फायबर घरात येऊन ज्या डब्यात शिरते तो ओएनटी. आपल्याकडे त्याला कुणी मोडेम म्हणतं, कुणी नुसतं ‘वायफायचा डबा’. त्याच्या लॅन पोर्टमधून केबल थेट लॅपटॉपला लावा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबी ३ चा गिगाबिट ॲडॅप्टर लागेल. शेजाऱ्याचा मागून आणला तरी चालेल, काम एका संध्याकाळचं आहे. वायफाय बंद ठेवा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली इथरनेट उघडलं की लिंक स्पीड दिसतो. तिथे १०००/१००० दिसलं पाहिजे. १००/१०० दिसलं तर स्पीड टेस्टही लावू नका, कारण उत्तर मिळालेलं आहे: केबल नाहीतर पोर्ट.

लिंक १००० ची असेल तर आता टेस्ट लावा. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या स्पीड टेस्टच्या बऱ्याच साइट आहेत. दोन वेगवेगळ्या वापरा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊनंतर. २८०-३०० आला तर कंपनीने आपलं काम केलंय आणि पुढचा रस्ता तुमचा. नाही आला तर ओएनटी आणि राउटर दोन्ही पाच-दहा मिनिटं बंद ठेवून मग चालू करा. बऱ्याच ठिकाणी नवा प्लॅन जुन्या चालू सेशनला लागू होत नाही, नवं लॉगिन झालं की होतो. तरीही कमीच असेल तर तक्रार नोंदवताना ‘केबलवर, थेट ओएनटीला लावून, इतक्या वाजता इतका स्पीड’ असं सांगा. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीवर राउटर रिस्टार्ट करायला सांगतात. आकडा सांगितला की माणूस घरी येतो.

लोकल केबल ऑपरेटरचं कनेक्शन असेल तर थेट लावलेल्या लॅपटॉपला नेट मिळणारच नाही, असं बरेचदा होतं. कारण युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरलेला असतो, ओएनटीत नसतो. अशा वेळी विंडोजच्या डायल-अप सेटिंगमध्ये ब्रॉडबँड कनेक्शन बनवून तेच युजरनेम-पासवर्ड टाका आणि जोडा.

एक आठवण: प्लॅनचा आकडा मेगाबिटचा असतो आणि डाउनलोडच्या पट्टीवर सहसा मेगाबाइट दिसतात. आठने भागा. ३०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम ३७.५ मेगाबाइट. हे माहीत नसल्यामुळे चांगलं चाललेलं कनेक्शन बदलणारे लोक मी पाहिलेत.

केबलचं टोक उजेडात धरा

माझ्याकडे लिंक १००/१०० दिसत होती. केबल काढली, प्लॅस्टिकचं पारदर्शक टोक खिडकीच्या उजेडात धरलं आणि तारा मोजल्या. चारच! पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या जागी तार होती. चौथी, पाचवी, सातवी, आठवी जागा रिकामी, आणि उरलेल्या चार तारा बाहेरच्या आवरणाजवळ कापून टाकलेल्या. बसवणाऱ्याची त्यात लबाडी नव्हती. १०० एमबीपीएसला चारच तारा लागतात, आणि एका केबलमधून दोन कनेक्शन काढायची पद्धत कित्येक इमारतींत चालायची. १०० चा प्लॅन होता तोवर काहीच बिघडलं नाही. गिगाबिटला मात्र आठच्या आठ तारा लागतात. सात धड आणि एक सैल असली, तरी दोन्ही बाजूची यंत्रं गुपचूप १०० वर येऊन बसतात. दिवे लागलेले असतात, नेट चालू असतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

टोक नव्याने क्रिंप करायचं (तारा प्लॅस्टिकच्या टोकात दाबून बसवायच्या) असेल तर रंगांचा नेहमीचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. छोटी केबल असेल तर ही खटपट करू नका, तयार कॅट ५ई किंवा कॅट ६ विकत आणा. ५ई वर १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं, घराला ते भरपूर झालं. भिंतीतल्या पाइपातून ओढायची असेल तर मात्र शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण वाकवल्यावर तुटते, आणि भिंतीतली केबल बदलताना जो जीव जातो तो त्या बचतीत भरून निघत नाही.

केबल बदलली आणि लिंक १००० झाली. लॅपटॉपवर थेट २९१. वायफायवर तरीही ९४! म्हणजे जुना राउटरही १०० च्याच पोर्टचा होता. आता खरेदीला अर्थ आला.

कोणता राउटर

खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. वॅन पोर्टपुढे, म्हणजे बाहेरून येणारी इंटरनेटची केबल ज्यात लागते त्या भोकापुढे, १०/१००/१००० असं लिहिलेलं हवं. नुसतं १०/१०० असेल तर तो राउटर परत शेल्फवर ठेवा, मग त्याला अँटेना चार असोत की आठ. ‘एसी १२००’ नावाने विकले जाणारे कित्येक स्वस्त राउटर असेच असतात: वायफाय वेगवान आणि पोर्ट १०० चं. नावातला १२०० हा आकडा दोन्ही बँडची (वायफायच्या दोन लहरपट्ट्यांची) बेरीज असतो, २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७. तुमचा मोबाईल एका वेळी एकाच बँडवर असतो, आणि हवेतल्या वेगाच्या साधारण अर्धा, फार तर त्याहून थोडा जास्त, प्रत्यक्ष हातात येतो.

२०० ते ५०० च्या प्लॅनसाठी माझं मत सरळ आहे: गिगाबिट पोर्ट असलेला, वायफाय ६ चा, ‘एएक्स १५००’ किंवा ‘एएक्स ३०००’ वर्गातला राउटर. त्याहून महाग घेण्याआधी आपले मोबाईल कोणतं वायफाय ओळखतात ते बघा. फोन जे वायफाय ओळखत नाही, त्याचा वेग नवा राउटर त्याला देऊ शकत नाही.

टेलिफोनच्या तारेचं बारकं भोक असलेले जुने एडीएसएल मोडेम-राउटर अजून अनेकांच्या माळ्यावर आहेत. एडीएसएल२+ ची मजलच २४ एमबीपीएसपर्यंत होती. तो काळ गेला, ते यंत्र फायबरला लावायच्या भानगडीत पडू नका. तसंच, फायबर थेट ज्यात खुपसता येते असे डबे ऑनलाइन मिळतात, तेही स्वतःहून घेऊ नका. ओएनटीचा सिरीयल नंबर किंवा कोड कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो, आणि अनोळखी डब्याला पलीकडून ओळखच मिळत नाही. आपला राउटर लागतो तो ओएनटीच्या मागे. ओएनटी आणि त्यातली हिरव्या टोकाची फायबर जागेवरच राहू द्या. ती पिवळी किंवा पांढरी दोरी घट्ट वळवू नका, तिचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका.

जुनं काढण्याआधी सगळं टिपून घ्या

चालू राउटरच्या सेटिंगमध्ये जा. पत्ता त्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. वॅनचं पान उघडा आणि मोबाईलने फोटो काढा. कनेक्शनचा प्रकार पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन करणारा) आहे की आपोआप आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) घेणारा, युजरनेम काय, व्हीलॅनचा (एकाच तारेतल्या वेगळ्या वाटेचा) नंबर भरलाय का, एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाची कमाल लांबी) किती, आणि वॅनचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळख नंबर) काय. पासवर्ड ठिपक्यांत दिसेल. तो आठवत नसेल तर आधी ऑपरेटरकडून घ्या आणि मगच हात लावा. शनिवारी रात्री राउटर रिसेट केला आणि सोमवारपर्यंत पासवर्ड मिळाला नाही, अशी पाळी येऊ देऊ नका.

मॅक ॲड्रेस स्टेटसच्या पानावरूनच घ्या. स्टिकरवरचा नंबर बऱ्याचदा लॅनचा असतो आणि वॅनचा त्याहून शेवटच्या आकड्याने वेगळा असतो.

ओएनटी वेगळा, राउटर वेगळा असेल तर

हे सगळ्यात सोपं. ओएनटीच्या पहिल्या लॅन पोर्टमधून नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये केबल. हे पोर्ट बहुतेक वेगळ्या रंगाचं असतं. ओएनटी बंद करून पाच मिनिटं थांबा, चालू करा, ‘पॉन’चा (फायबर जोडणीचा) दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होऊ द्या. ‘लॉस’चा लाल दिवा लागला तर फायबरचा सिग्नल तुटला आहे, तिथेच थांबून ऑपरेटरला फोन करा. मग राउटर चालू करा, टिपून घेतलेला प्रकार निवडा, युजरनेम-पासवर्ड भरा. पीपीपीओईला एमटीयू १४९२ ठेवा, कारण १५०० तले आठ बाइट त्याचं स्वतःचं वेष्टण खातं. जुन्यात व्हीलॅन नंबर असेल तर नव्यातही तोच.

एवढं करून नेट आलं नाही तर पहिला संशय मॅक बायंडिंगवर घ्या. अनेक ऑपरेटर ठराविक मॅक ॲड्रेसलाच आत घेतात. दोन उपाय आहेत: ऑपरेटरला फोन करून ‘राउटर बदललाय, मॅक रिसेट करा’ म्हणायचं, किंवा नव्या राउटरच्या मॅक क्लोनमध्ये जुन्याचा वॅन मॅक टाकायचा. क्लोनचं बटण ‘याच उपकरणाचा मॅक घे’ असं सुचवतं, ते दाबू नका. त्याने तुमच्या मोबाईलचा मॅक जाईल. जुन्या राउटरचा नंबर हाताने टाइप करा.

एकच डबा सगळं करत असेल तर

मोठ्या कंपन्यांच्या कनेक्शनमध्ये ओएनटी, राउटर, वायफाय आणि लँडलाइन सगळं एकाच डब्यात असतं. इथे तीन वाटा आहेत. बहुतेक घरांना पहिलीच पुरते असं माझं ठाम मत आहे.

पहिली वाट: कंपनीचा डबा तसाच ठेवा, त्याचं फक्त वायफाय बंद करा आणि आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये मागे लावा. आयपी वाटायचं काम जुना डबा करतो, वायफायचं काम तुमचा राउटर. काही बिघडलं तर केबल काढून जुनं वायफाय चालू केलं की घर पूर्ववत. फक्त त्या डब्याचं लॅन पोर्ट गिगाबिट आहे ना ते बघा. काही डब्यांत एकच पोर्ट गिगाबिट असतं आणि बाकीची १०० ची. तसं असेल तर तेच निवडा.

दुसरी वाट: राउटर राउटर मोडमध्येच मागे लावायचा. मुलांच्या वेळा ठरवणं, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क, असं काही राउटरकडूनच हवं असेल तर ही. दोन्हींचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळ होतो, म्हणून आपल्या राउटरचा १९२.१६८.५.१ असा काहीतरी करा. ब्राउझिंग, व्हिडिओ कॉल यांना दोन पदरी व्यवस्थेचा त्रास होत नाही. बाहेरून घरचा सीसीटीव्ही थेट उघडणं किंवा काही ऑनलाइन गेम यांना होऊ शकतो.

तिसरी वाट ब्रिज मोडची: ओएनटीला नुसता पूल करून सगळा कारभार आपल्या राउटरकडे. ते कंपनीकडूनच करून घ्या. मी स्वतः करायला गेलो होतो. डब्याच्या वॅन पानावर तीन-चार नोंदी दिसल्या, त्यातली एक निरुपयोगी समजून पुसली. नेट झकास चालू झालं. संध्याकाळी आईने पाहिलं तर लँडलाइन मुकी. पुसलेली नोंद आवाजाची होती. आईच्या मैत्रिणी मोबाईलवर नाही, त्या नंबरवरच फोन करतात. दोन दिवस ती सारखी रिसीव्हर उचलून कानाला लावून बघत होती, आणि मला ते बघवत नव्हतं. तेव्हापासून माझा नियम असा: त्या पानावरच्या ‘इंटरनेट’ सोडून दुसऱ्या नोंदीला बोट लावायचं नाही, आणि घरात लँडलाइन किंवा कंपनीचा टीव्हीचा बॉक्स असेल तर ब्रिजबद्दल बोलताना सुरुवातीलाच ते सांगायचं. शिवाय कंपनी दुरून डब्याचं सेटिंग बदलू शकते. त्यामुळे तुम्ही हाताने केलेला बदल एखाद्या रात्री परत जुना होऊ शकतो. कंपनीच्या नोंदीत ब्रिज लागला असेल तर ती भीती उरत नाही.

सीसीटीव्हीसाठी ब्रिज करणार असाल तर आधी राउटरचा वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्याआड आहात. ब्रिज करूनही बाहेरून दार उघडणार नाही. त्याला स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त तुमचा पत्ता) घ्यावा लागतो किंवा कॅमेऱ्याचं क्लाउड ॲप वापरावं लागतं.

वायफायची बैठक

आपल्या फ्लॅटमध्ये फायबर येते ती मुख्य दारावरून, एमसीबीच्या खोक्याजवळ. म्हणून डबाही तिथेच, दारावर, चपलांच्या कपाटावर. घराच्या एका टोकाला! अर्धं वायफाय जिन्यात जातं. फायबर तिथेच असू द्या, लॅन केबल ओढून राउटर घराच्या मध्यावर आणा, माणसाच्या खांद्याच्या उंचीला, उघड्यावर. लोखंडी गोदरेज कपाट, मोठा आरसा, आरसीसीचा कॉलम आणि पाण्याची टाकी हे चार अडथळे लक्षात ठेवा. आमच्या आतल्या बेडरूममध्ये राउटर आणि पलंग यांच्या मधोमध गोदरेजचं कपाट होतं. राउटर चार फूट सरकवला आणि तिथला वेग ४० वरून १८० झाला. कोकणातल्या घराच्या जांभ्याच्या जाड भिंतींना हा उपाय पुरत नाही. तिथे केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावावाच लागतो.

२.४ गिगाहर्ट्झ बँडला चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनल १, ६ किंवा ११. मधला कुठला चॅनल घेतला तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा गोंगाट वाट्याला येतो. ५ गिगाहर्ट्झला रुंदी ८०, चॅनल ३६ किंवा १४९. हा बँड आपल्याकडे २०१८ साली बराच मोकळा झाला, त्यामुळे निवड भरपूर आहे. ५२ च्या पुढचे काही चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले असतात. तिथे राउटर आधी मिनिटभर कानोसा घेतो, म्हणून वायफाय उशिरा उगवलं तर घाबरू नका.

आता सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी गोष्ट: नव्या वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षरन् अक्षर. टीव्ही, प्रिंटर, सासूबाईंचा टॅब, बाथरूमच्या गिझरचा स्मार्ट प्लग, सगळी आपोआप जोडली जातात. फक्त सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील अशी ठेवा, नुसत्या ३ वर काही जुनी उपकरणं बसत नाहीत. स्मार्ट प्लग आणि कॅमेरे बहुधा २.४ वरच चालतात. नव्याने जोडताना अडले तर थोडा वेळ २.४ ला वेगळं नाव द्या. जुना पासवर्ड मात्र सगळ्या मजल्याला माहीत असेल तर ही सोय सोडा आणि नवा घ्या.

त्याच दिवशी उरकायची कामं

राउटरच्या ॲडमिनचा पासवर्ड बदला, तो वायफायच्या पासवर्डहून वेगळा हवा. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडायची सोय) आणि बाहेरून नियंत्रणाची सोय बंद. ब्रिज मोडमध्ये हे फारच महत्त्वाचं, कारण आता बाहेरच्या जगासमोर तुमचाच राउटर उभा आहे. कंपनी आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) देत असेल तर तेही चालू करा.

वेग वाढूनही व्हिडिओ कॉल अडखळत असेल, विशेषतः कुणी मोठी फाइल वर चढवत असताना, तर राउटरमधलं क्यूओएस (कोणत्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) लावून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर ठेवा. स्वस्त राउटरमध्ये क्यूओएस चालू केलं की प्रोसेसर दमतो आणि वेग बराच खाली येऊ शकतो. म्हणून लावल्यावर पुन्हा मोजा.

लोडशेडिंगच्या गावात राहत असाल तर मिनी यूपीएस घेताना ओएनटी आणि राउटर दोघांनाही वीज लागते हे ध्यानात घ्या. दोन्हींच्या ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअरची बेरीज यूपीएसच्या क्षमतेत बसली पाहिजे, पिनची जाडी आणि प्लस-मायनसही तेच हवेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ ची पिन लावली तर राउटर कायमचा जाऊ शकतो.

शेवटी पुन्हा मोजा: केबलवर, राउटरजवळ, आणि सगळ्यात लांबच्या खोलीत. माझे आकडे २९२, २८५ आणि १८०. कंपनीचा जुना राउटर त्याच्या ॲडॅप्टरसकट पिशवीत घालून ठेवा, कनेक्शन सोडताना तो परत मागतात. युजरनेम, व्हीलॅन नंबर, जुन्या आणि नव्या राउटरचा मॅक आणि आजचे तीन आकडे एका कागदावर लिहून, तारीख टाकून, एमसीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी तक्रार करताना किंवा प्लॅन वाढवताना सुरुवात तिथूनच होईल.